पथ्य, उपवास आणि पहिला घास: श्रद्धा सांभाळून खाणं सुधारण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. "दिवसभरात काय काय खाता?" असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर वारांपासून सुरू होतं. सोमवारी एकभुक्त, गुरुवारी खिचडी, चतुर्थीला चंद्रोदयानंतर जेवण, दोन्ही एकादश्या, श्रावणात कांदा-लसूण बंद. सातही दिवस सारखं जेवणारं घर आमच्या भागात शोधावं लागतं. त्यामुळे सात सारख्या दिवसांचा छापील तक्ता हातात दिला की तो फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो. घरात आधीपासून असलेल्या नेमधर्मातच पथ्य बसवलं, तर मात्र ते टिकतं. त्या अनुभवातून ही उत्तरं लिहिली आहेत.

अध्यात्म आणि आहारसल्ला यांची सांगड घालायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमच्या घरात जे आधीपासून चालतं, त्याचा आधार घ्यायचा. जेवणाआधीचा श्लोक, देवाला दाखवायचा नैवेद्य, उपवासाचे दिवस, संध्याकाळचा हरिपाठ, दिवेलागणीची वेळ. या सगळ्याला एक ठरलेली वेळ आहे, एक थांबणं आहे आणि मनापासून दिलेला शब्द आहे. खाण्याची सवय बदलायला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. ताटात किती आणि काय, हे मी तुमचे रिपोर्ट, वजन, औषधं आणि कामाचं स्वरूप बघून सांगते. ते रोज पाळायचं बळ तुमच्या श्रद्धेतून येतं. मी कुणाला नवा देव, नवा मंत्र किंवा नवं व्रत देत नाही. तो माझा अधिकार नाही.

मी देवाधर्माचं फारसं करत नाही. माझ्यासाठी यात काही आहे का?

आहे. जेवायला बसल्यावर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, ताटाकडे अर्धा मिनिट शांतपणे बघून सुरुवात करा. हे अन्न शेतातून ताटापर्यंत किती हातांतून आलं, एवढं आठवलं तरी पुरे. ज्याला देव म्हणायचं नाही, त्यानं म्हणू नये.

जेवणाआधी "वदनी कवळ घेता" म्हटल्यानं शरीराला खरंच काही फायदा होतो का?

श्लोकानं साखर उतरते असं मी म्हणणार नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात काय घडतं ते बघा. ताट वाढलेलं असतं, हात थांबलेला असतो, सगळे एकत्र बसलेले असतात, टीव्ही बंद असतो. भूक लागलेली असतानाही आपण थांबू शकतो, हे रोज दोन वेळा शरीराला शिकवलं जातं.

पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत जेवण उरकणारा माणूस तो निरोप यायच्या आत दोन पोळ्या जास्त खाऊन मोकळा होतो. म्हणून मी श्लोकाला एक जोड देते. पहिला घास डोळे मिटून, पूर्ण चावून खायचा. मग अर्धं जेवण झालं की एकदा हात थांबवायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, अजून भूक आहे की फक्त चव हवी आहे? ज्यांना सवय आहे ते तेवढ्यात मनात एकदा नाव घेतात. "उदरभरण नोहे, जाणिजे यज्ञकर्म" ही ओळ आपण लहानपणी शाळेत ओरडून म्हटली आहे. यज्ञात आहुती मोजून देतात, घाईनं ओतत नाहीत, हा तिचा अर्थ मला मात्र या व्यवसायात आल्यावर कळला.

आठवड्यात तीन उपवास करते, तरी वजन वाढतंय. असं का?

हा प्रश्न माझ्याकडे सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्या बाईचा चेहरा नेहमी थोडा अपराधी असतो. आधी तो अपराधीपणा बाजूला ठेवा. तुम्ही उपवास मनापासून केलाय. चूक फराळात आहे.

साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. पन्नास ग्रॅम साबुदाण्याची खिचडी केली, त्यात दाण्याचं कूट, बटाटा आणि दोन चमचे तूप घातलं की एक बशी सहज चारशे कॅलरींच्या पुढे जाते. त्यावर बटाट्याचे वेफर्स, राजगिऱ्याची वडी, साखरेचं रताळं, दुपारी गोड चहा दोनदा. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच केलेली नाही.

उपवास सोडायला मी सांगत नाही, फराळ बदलायला सांगते. साबुदाण्याऐवजी भगर घ्या, सोबत दाण्याची आमटी पातळ आणि मोजकी. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी करा. त्या पिठात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय लोहही चांगलं. काकडीची कोशिंबीर दही घालून. लाल भोपळ्याची भाजी, तुमच्याकडे चालत असेल तर. ताक, एखादं फळ, मूठभर शेंगदाणे. खिचडी खावीशीच वाटली तर छोटी वाटी, आणि ती एकाच वेळी. कुठल्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही याचे नियम वेगळे असतात. कोथिंबीर, मिरची, जिरं यांवरूनही सासर-माहेरात फरक निघतो. म्हणून उपवासाची यादी मी आधी विचारते आणि मगच तक्ता करते.

आणखी एक गोष्ट. संकष्टीला दिवसभर काही न खाता रात्री साडेनऊला मोदक, वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी असं भरगच्च जेवण झालं, की रात्रभर छातीत जळजळ होते आणि सकाळी वजनकाट्यावर निराशा. दुपारी एक फळ आणि ग्लासभर दूध घेतलं, संध्याकाळी ताक घेतलं, तर चंद्र दिसेपर्यंत भूक आवाक्यात राहते. मोदक दोन पुरेत. नैवेद्याला एकवीस लागतात, ते घरातल्या सगळ्यांचे मिळून.

मला मधुमेह आहे. उपवास करू की नको?

याचं उत्तर तुम्ही कोणती औषधं घेता त्यावर आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. उपवासाच्या दिवशी सकाळी नाही, आठवडाभर आधी.

कारण असं. इन्सुलिन घेणाऱ्यांची, किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर पोट रिकामं राहिलं तर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड ही त्याची लक्षणं. साखर सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि तो उपवास तिथेच सोडा. ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं त्या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास तर करूच नये. शरीरातलं पाणी कमी होऊन वेगळीच गंभीर अडचण उभी राहू शकते. ज्यांना लहानपणापासूनचा, पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, त्यांनी इन्सुलिन स्वतःच्या मनानं कधीही चुकवू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी कडक उपवास टाळावा.

याउलट फक्त पथ्यावर किंवा सौम्य गोळीवर असलेल्या, साखर ताब्यात असलेल्या माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं दर तीन-चार तासांनी थोडं खाऊन एकादशी करता येते. मात्र साबुदाणा, बटाटा आणि रताळं एकाच दिवशी एकत्र नकोत. उपवासाच्या दिवशी उतरणाऱ्या साखरेला लोक घाबरतात, पण खिचडीनंतर दोन तासांनी चढणारी साखर कुणी मोजत नाही. एकदा मोजून बघा.

घरचे म्हणतात, औषध घेतलं की व्रत मोडतं.

व्रतांविषयी एक जुना संस्कृत श्लोक आहे, "अष्टौ तान्यव्रतघ्नानि". ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही त्यांची त्यात यादी दिली आहे: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. शेवटचा शब्द नीट वाचा. "औषधम्". हा श्लोक मी कागदावर लिहून ठेवला आहे आणि सासूबाईंना दाखवायला घरी देते. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही स्पष्ट सांगितलं आहे की योग फार खाणाऱ्याला साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. त्यातला दुसरा अर्धा भाग आपण नेहमी विसरतो.

प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

म्हणू नका. प्रसाद घ्या, तो प्रसादाएवढा घ्या. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, साखर, तूप सगळं सव्वाच्या मापानं बरोबरीचं असतं, तेव्हा त्याचा द्रोण भरून खाणं म्हणजे एक जेवणच झालं. तळहातावर मावेल एवढा चमचाभर शिरा कपाळाला लावून, हळूहळू खाल्लात तर भक्तीत काही कमी पडत नाही. "आणखी घ्या ना" म्हणणाऱ्यांना "घरी सगळ्यांना द्यायचाय, बांधून द्या" म्हणा. हे खोटं नाही. घरी नेऊन खरंच वाटा.

नैवेद्याचं ताट आणि आहाराचं ताट यांत काही संबंध आहे का?

मला तर आपल्याकडचं नैवेद्याचं ताट हा आहारशास्त्राचा उत्तम धडा वाटतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. गोडाची जागा छोटी. म्हणजे कशाचं प्रमाण किती, हे जागेवरूनच ठरलेलं आहे. मीठ चिमूटभर, लोणचं फोडभर.

आपण रोज जेवताना हे ताट उलटं करून टाकलं. भात आणि पोळी पसरल्या, भाजी कोपऱ्यात गेली, कोशिंबीर पाहुणे आले तरच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांतही भाज्या आणि फळांनी अर्धं ताट भरा, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असाच सल्ला आहे. पाच ग्रॅम म्हणजे सपाट छोटा चमचा, आणि त्यात पापड-लोणच्यातलं मीठही आलं.

माझी सूचना सोपी आहे. रोज देवाला जेवढं आणि जसं ताट वाढता, तसंच ताट स्वतःला वाढा. देवापुढे आपण कधी चार पोळ्या आणि चमचाभर भाजी ठेवत नाही. त्यात दोन बदल करा: कोशिंबीर चमच्याऐवजी वाटीभर, आणि उजवीकडच्या भाजी-उसळीची वाटी मोठी. एका घरात आजीनं हा नेम धरला आणि तीन नातवंडांच्या ताटात काकडी-गाजर आपोआप आलं, कारण "देवाच्या ताटात आहे, मग आपल्यातही हवं."

अन्न पूर्णब्रह्म, टाकायचं नाही, म्हणून मुलांचं उरलेलं मीच संपवते. काय करू?

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी कितीतरी जणींचं वजन त्यांच्या स्वतःच्या ताटानं वाढलेलं नसतं. मुलाची अर्धी पोळी, नवऱ्याचा उरलेला भात, पातेल्याच्या तळाची खीर, सकाळचे पोहे "वाया जातील" म्हणून दुपारी. अन्नाविषयीचा आदर त्यांना कचऱ्याच्या डब्याची भूमिका करायला लावतो, आणि ते बघून मला वाईट वाटतं. ज्या अन्नाला तुम्ही ब्रह्म म्हणता, ते भूक नसलेल्या पोटात ढकलणं हा त्याचा मान नाही.

अन्नाचा मान वाढण्यापूर्वी ठेवायचा. तांदूळ मोजून घ्या. मुलांना आधी अर्धी पोळी वाढा, मागितली तर पुन्हा द्या. उरलं तर लगेच झाकून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात, फोडणीची पोळी, थालीपिठात उरलेली भाजी. गायीला, कुत्र्याला, पक्ष्यांना घास ठेवायची रीत आपल्याकडे होतीच. आणि तुम्ही स्वतः सगळ्यांबरोबर, बसून, गरम जेवा. शेवटी उभ्यानं, पातेल्यातून जेवू नका. एका काकूंना मी सहा महिने फक्त एवढंच सांगत होते. तक्त्यातलं बाकी सगळं त्यांनी आपसूक पाळलं.

माळ घातली, मांसाहार आणि अंडी सोडली. प्रथिनं कमी पडतील का?

मासे-मटणाची जागा भात आणि बटाट्यानं घेतली, तर पडतील. साधारण निरोगी माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. तीन ज्वारीच्या भाकऱ्यांतून बारा, वाटीभर मटकीच्या उसळीतून सात, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात, दिवसभरातल्या दोन ग्लास दूध-ताका-दह्यातून बारा-तेरा आणि मूठभर शेंगदाण्यातून सात. पन्नासच्या जवळ गेलात. आमटी म्हणजे फोडणीचं पाणी असेल तर हे गणित बिघडतं, डाळ घट्ट हवी. बी-१२ मात्र डाळी-भाज्यांतून मिळत नाही. दूध-दही नियमित ठेवा, वर्षातून एकदा तपासणी करा, आणि कमी निघालं तर गोळी घ्या.

वारीला जायचंय, साखर आणि बीपी आहे.

आळंदीहून पंढरपूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरची पायपीट, रोजच्या दिवसाशी त्याचा मेळ नाही. चालण्यानं साखर उतरते आणि वाटेत मिळणाऱ्या लाडू, केळी, गोड चहानं चढते. निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांना भेटून औषधांची मात्रा ठरवून घ्या. खिशात खडीसाखर, दिंडीतल्या दोघांना तरी तुमच्या आजाराची माहिती. रोज रात्री तळपाय आरशात बघा किंवा सोबत्याला बघायला सांगा. मधुमेहात पायाची जखम बऱ्याचदा दुखत नाही. अनवाणी चालण्याचा हट्ट या आजारात नको.

सात्त्विक आहार म्हणजेच आरोग्यदायी आहार ना?

बराचसा, पण पूर्ण नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात अति खारट, अति तिखट, अति आंबट यांना राजस म्हटलं आहे आणि शिळं, वास येणारं ते तामस. हे आजही पटतं. पण साजूक तुपातला शिरा कांदा-लसणाशिवाय केला म्हणून हलका होत नाही. "सात्त्विक" लिहिलेल्या पाकिटातल्या चिवड्याच्या मागची बाजूही वाचा.

रात्री दहानंतर गोड खाण्याची ओढ लागते. नामस्मरणानं थांबेल?

काही जणांची थांबते, कारण अशी ओढ लाटेसारखी येते आणि दहा-पंधरा मिनिटांत बहुधा ओसरते. तेवढा वेळ हातात जपमाळ असेल तर डब्याकडे जात नाही. पण आधी बघा की तुम्ही संध्याकाळी साडेसहाला चहा-बिस्किटांवर तर राहिला नाहीत ना. भुकेलेल्या माणसाला जप सांगणं मला बरोबर वाटत नाही, त्याला जेवण सांगावं. आणि रडू येऊन खाणं, एकटं असताना भराभर खाणं, नंतर स्वतःचा राग येणं असं असेल, तर माझ्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांचीही मदत लागेल.

हे फक्त हिंदू घरांसाठी आहे का?

नाही. रोजे ठेवणारे रुग्ण रमजानच्या दीड-दोन महिने आधी आले, तर सहेरी, इफ्तार आणि औषधांच्या वेळा नीट बसवता येतात. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुराणातच दिली आहे. जैन घरांत चौविहार असतो, म्हणजे सूर्यास्तानंतर जेवण नाही आणि पाणीही नाही. रात्रीचं जेवण लवकर घ्या असं मी इतरांना सांगून दमते, ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. बौद्ध घरांतून येणाऱ्यांना सजगपणे, शांत बसून खाणं समजावून सांगावं लागत नाही. गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस हा बदलाचा चांगला काळ असतो.

मुलगी हल्ली सारखे उपवास करते, खूप बारीक झाली आहे. कौतुक करावं की काळजी?

काळजी. पाळी अनियमित होणं, केस गळणं, सतत वजन करणं, जेवणाच्या वेळी निमित्त काढून उठणं, उपवासाच्या फराळालाही नकार देणं. यातलं काही दिसलं तर तो उपवास देवासाठी नाही. तिला रागावू नका, "शिस्त आहे हो पोरीला" असं पाहुण्यांसमोर कौतुकही करू नका. लवकरात लवकर डॉक्टरांकडे न्या.

एकांनी सांगितलं, मंत्रानं आणि एका काढ्यानं मधुमेह मुळापासून जाईल, गोळ्या बंद करा.

गोळ्या बंद करू नका. जो माणूस तुमचे रिपोर्ट न बघता औषध थांबवायला सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका, मग तो कोणत्याही वेशात असो. आहारतज्ज्ञ निवडतानाही शिक्षण विचारा: आहारशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदविका आहे का, नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा दिली आहे का. विचारल्याचा राग येणारा तज्ज्ञ नको. पावडरचे डबे विकणाराही नको.

किती दिवसांत फरक दिसेल?

पित्त, पोट जड होणं, दुपारची पेंग यांत बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत हलकं वाटतं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी तीन महिन्यांनीच करायची, आधी करून हिरमुसू नका. मोठा संकल्प करू नका, छोटा करा. चातुर्मासात लोक एखादी गोष्ट वर्ज्य करतात, तसं यंदा चार महिने फरसाण आणि बिस्किटं वर्ज्य करून बघा. देवापुढे घेतलेला नेम माणसं माझ्या तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त पाळतात. एखाद्या दिवशी मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा, प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहायचं नाही.

पहिल्या भेटीला काय आणू?

सहा महिन्यांतले रिपोर्ट, चालू औषधांच्या पट्ट्या, आणि तीन दिवस जे खाल्लं त्याची खरी नोंद; त्यात एक उपवासाचा आणि एक रविवारचा दिवस हवा. महिन्यात कोणकोणते उपवास असतात आणि त्यांना घरात काय चालतं, ते लिहून आणा. शक्य असेल तर घरात जी स्वयंपाक करते किंवा करतो, त्या व्यक्तीला सोबत घेऊन या. आणि ज्या वाटीनं रोज आमटी वाढता, ती वाटी पिशवीत टाकून आणा. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते.